मटण सोडलं, त्या हिवाळ्यात

तुरीच्या हिरव्या शेंगा बाजारात आल्या की हिवाळा आला असं मी धरते. कॅलेंडरचं मला सांगू नका. परवा बुधवार बाजारात गेले तर जिकडेतिकडे शेंगांचे ढीग, आणि ढिगाच्या मागे शाल गुंडाळून बसलेल्या बाया. त्यातली एक माझ्याकडे बघून म्हणाली, "घे ना वं बाई. उन्हात बसून सोलशीन त दुपार चांगली जाईन." एवढं कोणी प्रेमानं म्हटलं की माझी पिशवी आपोआप पुढे होते. गरज होती त्याच्या दुप्पट शेंगा घेऊन आले आणि गच्चीवर चटई टाकून बसले. शेंग दाबली की टचकन फुटते, आतले हिरवे दाणे टपटप परातीत पडतात, बोटांना एक चिकट, कच्चा वास लागतो. साबणानं धुतला तरी तो संध्याकाळपर्यंत जात नाही. तो वास आला की मला दरवर्षी तोच एक हिवाळा आठवतो, ज्या हिवाळ्यात मी मटण सोडलं आणि अख्खं माहेर माझ्यावर फुगून बसलं.

आमचं घर मुळात विणकरांचं. आजोबांच्या वेळी घरात माग होते. वडिलांच्या वेळी ते बंद पडले, आणि दादानं, माझ्या मोठ्या भावानं, गोळीबार चौकाच्या अंगाला एक छोटं सावजी भोजनालय टाकलं. चार टेबलं, एक मोठी भट्टी आणि आईच्या हातचा मसाला. खसखस, सुकं खोबरं, दगडफूल, काळी मिरी, सगळं जवसाच्या तेलात भाजून वाटायचं. त्या मसाल्याचा वास गल्लीच्या टोकापासून यायचा. खाणाऱ्याच्या कानातून धूर निघाला पाहिजे, तो घामाघूम झाला पाहिजे आणि तरी त्यानं आणखी एक वाटी मागितली पाहिजे, ही दादाची स्वयंपाकाची व्याख्या. अशा माणसाच्या सख्ख्या बहिणीनं मटण सोडावं! त्याला ते कसं लागलं असेल, हे मला तेव्हाही कळत होतं.

आमच्याकडे तर मटणालाही भाजीच म्हणतात. "आज काय भाजी?" "मटणाची." ऑफिसात पुण्याहून बदलून आलेली एक मैत्रीण होती, तिला याचा उलगडाच व्हायचा नाही. मी एकदा तिला म्हटलं, रविवारी ये, भाजी-भाकर खायला. ती बिचारी मेथी-पालक समजून आली आणि ताटात बघून गप्प झाली. नंतर आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. माझा हिवाळा पुढे असा येणार आहे, हे तेव्हा मला कुठे माहीत होतं!

झालं ते फारच साधं झालं. दिवाळी नुकतीच आटोपली होती. रविवार होता. माझ्या नवऱ्यानं, प्रकाशनं, सकाळीच मटण आणलं, मी नेहमीसारखं शिजवलं, सगळ्यांना वाढलं, स्वतःचं पान घेऊन बसले, आणि मला ते नको वाटलं. किळस आली नाही. बोकडाचे डोळे आठवले नाहीत. कोणाचं प्रवचन ऐकलेलं नव्हतं. भाकर होती, जवसाची चटणी होती, वरून दही घेतलं आणि जेवले. पुढच्या रविवारीही तसंच. त्याच्या पुढच्या रविवारी प्रकाश म्हणाला, "तुझं पोट बिघडलंय का?" मी म्हटलं, "नाही. मी सोडलं बहुतेक." बहुतेक हा शब्द मी आठवडाभरात काढून टाकला.

आणि मग सुरू झालं. काहून सोडलं? आमच्या लोकांत मटण सोडणं हे पाप नाही, पण त्याला कारण लागतं. माळ घातली असेल तर बरोबर. नवस असेल तर उत्तम. डॉक्टरनं बंद केलं म्हटलं की सगळे हळहळतात आणि तुमच्या पानात जास्तीचं वरण वाढतात. श्रावण असला तर विचारायलाच नको. पण 'मला नको वाटतं' हे काही कारण नव्हे. आत्यापासून मामीपर्यंत ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना मी हेच सांगितलं, आणि प्रत्येकीनं माझ्याकडे असं पाहिलं की ही काहीतरी लपवून राहिली आहे. एका मावशीनं तर प्रकाशला बाजूला घेऊन विचारलं, "घरात काही भांडण-बिंडण त नाही ना जी?"

दादानं ते कळल्यावर फोन केला. "काय झालं वं बेबी?" पन्नाशी उलटली तरी मी त्याची बेबीच. "काही नाही दादा." "मंग काहून नाही खाऊन राहिली?" "नको वाटते." मग तो म्हणाला, "रविवारी घरी ये. मी करतो. माह्या हातचं खाऊन पाह्य, मंग सांग."

गेले. तो स्वतः भट्टीजवळ उभा होता, डोळे धुरानं लाल. मी म्हटलं, दादा, मी नाही खाणार. त्याचं तोंड उतरलं. मग आमच्या सुमनवहिनीनं मध्यस्थी केली. "असं कर, पीस नोको घेऊ. नुसता रस्सा घे." आणि तिनं खरोखर एका वाटीत रस्सा काढला, चमच्यानं ढवळून ढवळून एकेक तुकडा शोधून बाहेर काढला आणि वाटी माझ्यासमोर ठेवली. "पाह्य. एकबी बोटी नाही ठेवली."

हसू नका. आमच्याकडे हा सर्वमान्य कायदा आहे. बोटी म्हणजे मटण, रस्सा म्हणजे रस्सा. उपासतापास करणाऱ्या कितीतरी बाया असा रस्सा ओरपताना मी पाहिल्या आहेत. वहिनीनं ते माझ्याकरता किती जिवापाड केलं होतं, हे मला दिसत होतं. वाटीवर लालभडक तर्री तरंगत होती. सगळे माझ्या हाताकडे बघत होते. मी वाटी हळूच बाजूला सरकवली. दादा उठून बाहेर गेला. त्या दुपारी मी भात आणि कांदा खाऊन घरी आले, आणि रिक्षात मला रडू आलं. राग कोणाचाच नव्हता, नुसतं वाईट वाटत होतं.

घरी मात्र मी कंबर कसली. नुसतं सोडून भागत नाही, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. मटण काढून घेतलं आणि जागा तशीच ठेवली की दुपारी चारला पोटात कावळे ओरडतात आणि माणूस ऑफिसात बिस्किटांचे पुडे फस्त करत बसतो. मी तेच केलं. शिवाय उत्साहाच्या भरात एकदम इतक्या डाळी खाल्ल्या की पोटाचा नगारा झाला. मग हळूहळू वळण बसलं. झोपायच्या आधी मूठभर काहीतरी भिजत टाकायचं. चणे, मूग, मोट म्हणजे मटकी, बरबटी म्हणजे चवळी, जे हाताला लागेल ते. सकाळी उठून आज काय करू असं म्हणत कपाळाला हात लावावा लागत नाही. भाकर ज्वारीची. दुपारच्या डब्यात दही. जवस, तीळ, शेंगदाणे यांच्या चटण्या बाटल्यांत भरून ठेवायच्या. एवढं केलं की निम्मी लढाई जिंकली.

आणि बाजार! मी एवढी वर्षं भाजी आणत होते, पण ती मटणाच्या मधल्या दिवसांची. त्या हिवाळ्यात मी बाजार पहिल्यांदा नीट पाहिला. भेद्रं, म्हणजे टोमॅटो, लालबुंद, वांगी इवलीइवली काटेरी, पोपटाच्या म्हणजे वालाच्या कोवळ्या शेंगा, आंबट चुका, आणि सांबाराच्या, म्हणजे तुम्ही ज्याला कोथिंबीर म्हणता त्याच्या, हातभर जुड्या. कुहीकडून येणारी एक बाई लाखोळीची, म्हणजे लाखेच्या डाळीच्या रोपाची, कोवळी भाजी आणायची. ती म्हणायची, "नुसत्या लसणावर परतजो, बाकी काही टाकजो नोको." मी तसंच केलं आणि अवाक झाले. एका पानाला एवढी चव असते? तुरीचे सोले आणि वांगं, कढीतले गोळे, सांबारवडी. मी जेवणाला मुकले नव्हते. उलट मला एक नवंच घर सापडलं होतं आणि त्यात रोज एक खोली उघडत होती.

रविवार अवघड. बाकीचे सहा दिवस कसेही जातात, पण रविवारी घराला मटणाचा वास असायचा आणि आता त्या वासात मी एकटी वेगळी. प्रकाशला आणि मुलाला मी सोडा म्हटलं नाही. कशाला म्हणू? मला जसं कोणी 'खा' म्हणू नये, तसं मी कोणाला 'नको' म्हणू नये. फक्त सांगितलं की यापुढे मी शिजवणार नाही. प्रकाशनं डोकं खाजवलं, दोन रविवार करपवले, तिसऱ्या रविवारी जमवलं. आता त्याचं पातेलं वेगळं, झारा वेगळा, आणि रविवारी दुपारी मला चक्क सुट्टी असते. मटण सोडण्याचा हा फायदा कोणी कुठे लिहिलेला मी वाचला नव्हता.

बाकीचे फायदेही सांगते, पण वाढवून सांगणार नाही. जेवल्यावर छातीत जी जळजळ व्हायची ती थांबली. दुपारी डोळ्यांवर झापड यायची ती कमी झाली. काही महिन्यांनी रक्त तपासलं तर बी-ट्वेल्व्ह कमी निघालं, हेही खरं. दादाला कळलं तर तो टाळी देईल म्हणून आधी मीच त्याला सांगितलं. "पाह्य! मी म्हटलं होतं का नाही?" तो म्हणाला. मी म्हटलं, "गोळ्या सुरू केल्या. मटण नाही." डॉक्टरबाईंनीही तेच सांगितलं होतं, की गोळ्या घ्या, दूध-दही सोडू नका आणि अधूनमधून तपासत राहा. शाकाहार म्हणजे काही कवचकुंडलं नाहीत. त्याच्याकडेही लक्ष द्यावंच लागतं.

गंमत म्हणजे माहेर दूर जात होतं तेव्हा दुसरीकडून कोणीतरी जवळ येऊन राहिलं होतं. आमच्या समोरच्या मालतीताई. इतकी वर्षं आमच्या दारावरून जाताना त्यांच्या नाकाला पदर असायचा. मी मटण सोडल्याचं कळलं आणि त्या वाटीभर श्रीखंड घेऊन आल्या. "आता तुम्ही आमच्यातल्या झालात हो!" मला ते श्रीखंड गोड लागेना. मग आठवड्याभरात मूळ मुद्दा निघाला. वरच्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्यानं द्यायचा होता, आणि बघायला आलेली नर्सबाई दीक्षाभूमीला दरवर्षी जाणाऱ्या कुटुंबातली होती. मालतीताई हळू आवाजात म्हणाल्या, "ते लोक खातात ना. आपण शाकाहारी लोकांनी मालकाला सांगू या, म्हणजे तुम्ही सांगा, तुमचं वजन पडेल." माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, "खातात तर खाऊ द्या. माझा नवराही खातो, मग त्यालाही काढता का बिल्डिंगमधून?" मी मालकाकडे गेले, पण ती नर्सबाई चांगली भाडेकरू वाटते हे सांगायला. ती राहायला आली आणि मालतीताईंचं श्रीखंड बंद झालं. बरं झालं. माझं पान हे माझं पान आहे, कोणाला दाराबाहेर ठेवायची पाटी नाही.

पण दादाचं काय करावं, ते सुचेना. त्याच हिवाळ्यात त्याच्या मुलीचं, आमच्या पिंकीचं, साक्षगंध झालं, म्हणजे साखरपुडा. मुलगा उमरेडचा, तेही विणकरांचंच घर, खाणारे-पिणारे, दिलदार लोक. साक्षगंधाच्या दिवशी गोडधोड झालं, तिथं काही प्रश्न आला नाही. प्रश्न पुढच्या रविवारचा होता. व्याही आणि त्यांची माणसं दादाकडे मटणाच्या जेवणाला येणार होती. आमच्याकडे हे जेवण म्हणजे नात्यावरचा शिक्का. एका पंक्तीत बसून एका पातेल्यातलं खाल्लं की झालो आपण एक. आणि मी मुलीची एकुलती एक आत्या.

दादा स्वतः घरी आला. खुर्चीत बसला, चहा घेतला, पण कपाकडे बघतच बोलत राहिला. "बेबी, एक काम कर. तिथं कोणी विचारलं त डॉक्टरनं बंद केलं म्हनजो."

"डॉक्टरनं नाही केलं दादा."

"मले माहीत हाये वं. पण लोकाइले काय सांगू? सावजीवाल्याची बहीणच सावजी खात नाही? ते म्हणतीन, याच्याच मटणात काही खोट असन. नाही त म्हणतीन, बाई शिकली, मोठी झाली, आता आपल्या लोकाइची लाज वाटून राहिली."

ते शेवटचं मला सुरीसारखं लागलं. मालतीताईंच्या श्रीखंडाची वाटी डोळ्यांसमोर आली. मी म्हटलं, "दादा, मला लाज वाटत असती तर मी पंक्तीला आलेच नसते. मी येते, तुझ्या पंक्तीत बसते, पण खोटं बोलून बसणार नाही. आजार सांगितला तर सगळे म्हणतील, बरी झाली की खाईल. मग पुन्हा पहिल्यापासून."

"एका दिवसाचं खोटं. तेवढंबी नाही होत तुह्याकडून माह्यासाठी?"

"नाही."

तो उठला. दारात चपला घालताना पाठ करूनच म्हणाला, "मंग येऊ नोको." प्रकाश आतून धावत आला, पण तोवर दादाची गाडी सुरू झाली होती. मी खुर्चीतच बसून राहिले. डॉक्टर म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं, असं स्वतःला शंभरदा विचारलं. दरवेळी उत्तर एकच आलं. मी काही चोरी केलेली नाही, मग पांघरूण कशाला?

शनिवारी वहिनीचा फोन. आवाज दबका. "बेबीताई, येजो उद्या. थे रागात काहीबी बोलतात. मी मसाला जास्तीचा वाटून ठेवते. तू पाटोड्या करून आणजो." म्हणजे पाटवड्या. बेसन मसाल्याच्या पाण्यात शिजवून थापायचं, शंकरपाळ्यासारखे तुकडे करायचे आणि ऐनवेळी त्याच मसाल्याच्या, पण बिनमटणाच्या झणझणीत रश्श्यात सोडायचे. मटणाच्या पातेल्याशेजारी हे पातेलंही आमच्या गावात पिढ्यानपिढ्या शिजतं, दादाच्या भोजनालयातही मिळतं. मग अडचण चवीची नव्हतीच. अडचण मी ते निवडलं याची होती.

मी गेले. डबाभर पाटोड्या घेऊन, चांगली साडी नेसून, उत्तर पाठ करून गेले. कोणी विचारलं तर काय म्हणायचं, कसं हसून म्हणायचं, सगळं ठरवलं होतं. दादानं मला दारात पाहिलं, ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. नुसती सतरंजी नीट करायला वाकला. पिंकी येऊन गळ्यात पडली. वहिनीनं मागच्या चुलीवर दुसरं पातेलं चढवलं आणि मी पदर खोचला.

पंक्त बसली. एका बाजूला उमरेडची माणसं, एका बाजूला आम्ही. माझ्यासमोर नेमके व्याही, पांढऱ्या मिशांचे, मोठ्या आवाजाचे. दादा स्वतः मटण वाढत येत होता. माझ्या पानाशी आला, क्षणभर थांबला, आणि पुढे गेला. व्याह्यांच्या नजरेतून ते सुटलं नाही. "अहो व्याही, आत्याबाईच्या पानात भाजी नाही पडली! घरच्यालेच विसरून राहिले का जी?" सगळी पंक्त हसली. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की दादा हसला नाही, आणि हसणं थांबलं. वहिनी पाण्याचा तांब्या हातात घेऊन तशीच उभी.

"माळ घातली का बाईनं?" व्याह्यांनी जरा नरमाईनं विचारलं. "का तब्येत बरी नाही?"

मी तोंड उघडलं. पण दादा आधी बोलला. पातेलं कमरेवर तसंच धरून, भोजनालयात गिऱ्हाइकाशी बोलतो तेवढ्याच मोठ्या आवाजात बोलला.

"माळ नाही जी, आन् तब्येतबी ठणठणीत हाये. माही बहीण मटण नाही खात. तिले नाही खायचं, म्हणून नाही खात."

व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं. "असं म्हणता?" ते म्हणाले. "बरं. मंग बाईच्या पातेल्यातलं इकडेबी येऊ द्या थोडं." आणि त्यांनी वाटी पुढे केली.

पंक्तीत पुन्हा आवाज सुरू झाला, कोणी भाकर मागितली, कोणी कांदा. दादा तोवर दोन पानं पुढे गेला होता. मी मान खाली घालून भात कालवला. पाठ करून आणलेलं उत्तर तसंच राहिलं, मला एक शब्दही बोलावा लागला नाही. त्या दिवशी मी खूप जेवले.